हुरडा, बोरामणीच्या शिवारात

पौष लागला की मलकप्पाचा फोन येतो:
"नरसय्या, ये रे. ज्वारी हुरड्याला आली."
यंदा सृजाही सोबत. वय सात,
कानटोपी माझी, नाकापर्यंत उतरलेली.

आगटीत शेणी रसरसलेल्या.
गरम कणीस तळहातांत धरून मी चोळतो,
ती फुंकते,
निम्मा कोंडा माझ्या मिशीत.
"ताता, तुला भाजत नाही?"
चाळीस वर्षं मागावर काढली, पोरी.
गिरणी बंद झाली
हे या हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग तिला गोफण हवी.
पहिला दगड मागंच गेला,
मलकप्पाच्या सायकलवर, टण्णकन.
दुसरा माझा. तो कुठं पडला
ते घरी सांगायचं नाही,
असं आमचं ठरलंय.
पाखरं? ती खात होती निवांत,
आमच्याआधीपासून.

शेंगाचटणीनं जीभ पोळली,
गुळाचा खडा, पुन्हा चटणी, पुन्हा खडा.

परतताना एसटीत ती झोपली, मूठ आवळून.
हैदराबाद नाक्याच्या खड्ड्यात मूठ सुटली:
सात दाणे, घामानं ओले,
घरी राहिलेल्या अम्मम्मासाठी.

एक मी खाल्ला.
जागी झाली की म्हणेन,
सहाच होते.