नोंद क्रमांक दोनशे बारा

लांबी अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, मुठीसकट.
मूठ शिंगाची. टोकाला गरुडाचं डोकं,
चोचीचा टवका उडालेला.
इथवर सोपं असतं.
सुती मोजे चढवून मी माचेते उचलते
आणि जुन्या चादरीवर ठेवते,
झोपलेलं मूल दुसऱ्याच्या खांद्यावरून घ्यावं तसं.

पात्यावर आम्लानं कोरलेली नक्षी:
निवडुंग, एक हरीण,
आणि हरणाहून मोठा ससा.
कारागिराला ससे आवडत असावेत.
खाली वळणदार ओळ, तिच्यातलं एक अक्षर
आरशातल्यासारखं उलटं:
"माझा धनी एकच,"
आणि पुढं नाव असायला हवं तिथं
बोटभर रुंद खरवड.
गंज नव्हे. गंज असा सरळ रेषेत चालत नाही.
कुणीतरी कानस घेऊन बसलं होतं
एक अख्खी दुपार.

पेटीतल्या चिठ्ठीत वारसांनी लिहिलंय:
पणजोबांचं. क्रांतीच्या काळातलं. लढाईत वापरलेलं.
सगळ्यांचेच पणजोबा लढाईत होते.
आमच्या कपाटांत इतके वीर उभे आहेत
की तेव्हा ओकोत्लानात मका कुणी पेरला
हा प्रश्नच आहे.

शुक्रवारचा बाजार उठल्यावर क्रिसोफोरो आला, धारवाला.
त्याला वाचता येत नाही.
ओळीकडं त्यानं पाहिलंही नाही,
उघड्या अंगठ्यानं धार चाचपली
(मी मोजे पुढं केले, ते त्यानं खिशात घातले)
आणि म्हणाला,
"एकाच अंगानं घासलीय. डावखुऱ्याचं आहे."

मग खाचांवरून बोट सरकत गेलं.
"ही घायपाताची पानं. हे सरपण.
ही मोठी, कुंपणाची तार असणार, अंधारात.
माणसावर चाललंय की नाही
ते लोखंड सांगत नाही, बाई. ते धुतलं जातं."
मूठ डोळ्यांजवळ नेली.
"शिंग तासलंय. लहान हातासाठी."

बराच वेळ गप्प.
बाहेर कुणी मांडवाच्या काठ्या गाडीत फेकत होतं.

"टेकडीपलीकडं एलेउतेरिया राहायची.
डावखुरी. आम्ही पोरं तिच्या बांधावरून जाताना
चपला हातात घ्यायचो."

"आणि तिचा नवरा?"

त्यानं खरवडलेल्या जागेवर बोट टेकवलं
आणि तवा तापलेला निघावा तसं मागं घेतलं.
"होता," म्हणाला.
एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही,
त्याच्या कॉफीत साखर जास्त घातली.

तो गेल्यावर वही उघडली.
धनी, या रकान्यापाशी पेन थांबलं.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात,
एका पात्यावर दोन नावं तरी कशी राहावीत,
आणि तिनं स्वतःचं नाव कोरलं नाही,
जागा मोकळी ठेवली फक्त.
मीही ठेवली.
पणजोबा खोडले. क्रांतीपुढं प्रश्नचिन्ह.
लढाईत वापरलेलं, हे तेवढं
तसंच राहू दिलं.

जाताना दारात क्रिसोफोरो वळला होता.
"धार लावून देऊ? पैसे नकोत."
नाही, म्हटलं, संग्रहातल्या वस्तूला चालत नाही.
तो काचेच्या कपाटाकडं बघत राहिला.

"मग दिवसभर
ते करणार काय इथं?"