सातवा चौकोन

पंचफुला घोडाम, वय एक्केचाळीस, मुक्काम वनोजा.
पापण्या सुजलेल्या, डोळे फटीएवढे,
मानेची कातडी जू घासलेल्या बैलासारखी.
चार वर्षं झाली, म्हणाली,
नळावर बाया बाजूला सरतात मी आली की.
घरी माझा गिलास खुंटीवर वेगळा.
मग दार लोटून, हळूच :
"थे बिमारी तर नाई ना, सिस्टर?"

मी तिला डोळे मिटायला लावले,
कापसाचा पीळ गालावरून, कपाळावरून, कानामागून फिरवला.
जिथं जिथं टेकवला
तिथं तिथं तिनं बरोब्बर बोट ठेवलं.
थे नाही, मी म्हणाले.
मग काय, ते मला सांगता येईना.

यवतमाळहून मॅडम येतात गुरुवारच्या गुरुवारी.
त्यांनी पंचफुलाच्या पाठीवर
दहा इवल्या वाट्या चिकटवल्या पट्टीनं :
एकीत खोट्या दागिन्यांचं निकेल,
एकीत चपलेचं रबर, एकीत सिमेंटमधलं काहीतरी,
सातवीत रस्त्याकडेचं गाजरगवत,
वाळवून, गाळून, पातळ करून.
शनिवारपर्यंत पाठीला पाणी नाही. घाम नाही. निंदण नाही.
"घाम काय मले इचारून येते?"
दोन दिवसांची मजुरी तिनं बोटांवर मोजली
आणि व्हरांड्यात पालथी निजली.

जीपमध्ये बसता बसता मॅडम सांगत होत्या,
कातडीच्या वरच्या थरात फांद्यांसारखे हात पसरून
काही पेशी बसलेल्या असतात.
दीडशे वर्षांमागं कुठल्याशा देशात एका विद्यार्थ्यानं
कातडीला सोन्याचा क्षार पाजला, तेव्हा त्या दिसल्या.
एकविशीतलं पोरगं. त्याला वाटलं, ह्या नसा.
त्या राखण करतात
हे कळायला पुढं शंभर वर्षं लागली.

रात्रपाळीला मला बाप आठवला,
जागलीला जायचा, मचाणावर, गोफण घेऊन.
एका साली डुकरांनी अख्खी ज्वारी लोळवली.
तेव्हापासून पान हाललं तरी
त्याचा दगड सुटायचा.
एकदा आमच्याच गोऱ्ह्याचा डोळा गेला.
बापानं सकाळी त्याला हळद लावली, बोलला काही नाही,
आणि रात्री पुन्हा गोफण घेऊन चढला.
व्हरांड्यात पंचफुला झोपेत मान खाजवत होती.

शनिवारी पट्टी काढली.
पट्टीची लाली उतरेस्तोवर अर्धा तास थांबायचं असतं,
आम्ही दोघी घड्याळाकडं पाहत बसलो.
पहिला चौकोन कोरा. दुसरा कोरा. तिसरा, चौथा.
पाचव्यावर थोडा घामोळा.
सातवा लालभडक, उचललेला,
वर मोहरीएवढे पाण्याचे फोड.
मी बोट फिरवलं. खात्रीसाठी पुन्हा फिरवलं.
मॅडमना फोन लावला. "किती प्लस?"
तीन, म्हणाले, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला.

आपली पाठ आपल्याला कुठं दिसते?
मी मोबाईलवर फोटो काढून दिला.
तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला.
"येवढंसं?"
बराच वेळ पाहत राहिली.
"हे मले धाडा. नळावर दाखवतो मी सगळ्याईले."

मग मलम दिलं, गोळ्या दिल्या,
पूर्ण बाह्यांचं पोलकं घाला म्हटलं,
तोंडाला फडकं बांधा, त्या गवताजवळ जाऊ नका.
ती खिडकीबाहेर बघू लागली.
दवाखान्याच्या कुंपणाला पांढरी फुलं,
नालीला, शाळेच्या मागं, फाट्यापर्यंत पांढरी फुलं,
आणि वारा सुटलेला.
"तं मंग जाऊ कोठून?"

रजिस्टरमध्ये निदानाचा रकाना असतो, तो मी भरला.

वनोज्याची वाट तिनं पदर नाकावर ओढून धरली,
डांबरी रस्त्याच्या अगदी मधून,
दोन्ही कडांपासून सारखं अंतर ठेवून.
मागून एसटी हॉर्न देत होती.
ती सरली नाही.