वजनकाट्यावरून

तुर्भ्याच्या डोंगरात तीन वर्षं मी खडीचे ट्रक मोजले.
खोली पत्र्याची, काच धुळीनं आंधळी,
आणि वीस पावलांवर क्रशर.
तो सुरू झाला की तोंडातल्या शब्दाचा
दातांपाशीच भुगा.

म्हणून तिथं कुणी बोलत नसे.
यल्लाप्पा कपाळावर एक उभं बोट ओढी: मालक आलाय.
अंगठा ओठांशी: पाणी.
आडवा हात छातीशी, जरासा झुलवत:
दुर्गव्वा, तुझं लेकरू रडतंय, जा.
मनगटावर दोन टिचक्या म्हणजे जेवणाची वेळ नव्हे,
मागच्या आठवड्याची मजुरी. ते मला उशिरा कळलं.

कुणी तेलुगू, कुणी कन्नड, एक जण पार झारखंडचा,
मी कळव्याचा.
भाषा आम्ही चपलांसारख्या
शेडबाहेर काढून ठेवलेल्या.

सुरुंगाच्या वेळी तिप्पण्णा कड्यावर उभा राही.
लाल फडकं कधीच विरलेलं,
मग नुसता तळहात. उघडा, वर.
सगळी खाण त्या पाच बोटांवर थांबे.
मला वाटायचं, पहिल्यांदा हा तळहात
कुणी कुणाला दाखवला असेल?
असाच उघडा कातळ, खाली खाडी,
दोन टोळ्या समोरासमोर,
आणि एकानं हातातला दगड टाकून दिला:
बघ, रिकामा आहे.
आपले रामराम, आपलं टाटा करणं,
त्या टाकलेल्या दगडाचं व्याज.

कोपऱ्यात म्हातारा हणमंतू पाटे घडवायचा.
त्याच्या छिन्नीखालून उडालेली एक कपची मी उचलली,
पानासारखी पातळ.
बोट कापलं.
तो हसला. स्वतःचा अंगठा दाखवला, व्रणावर व्रण.
मग माझं बोट धरून जाड कडेवर ठेवलं,
दाबलं.
हा धडा किती हजार वर्षांचा, मला सांगता येत नाही.
मी काट्याचा माणूस. टनात मोजतो.

पण सांगायचं होतं ते दुर्गव्वाच्या पोरीचं.
अकरा महिन्यांची, साडीच्या झोळीत.
भूक नव्हती तिला, कडेवरही यायचं नव्हतं.
तिनं बोट केलं फुटक्या कातळाकडे.
तिथं घोरपड, ऊन खात, जीभ लवलवत.
पोरीनं आईकडे पाहिलं, पुन्हा घोरपडीकडे, पुन्हा आईकडे.
घोरपड नको होती तिला.
दोघींनी मिळून बघायला हवी होती, एवढंच.
डोक्यावर घमेलं तसंच ठेवून
दुर्गव्वानं बघितली.
मग मी. मग डंपरवाला, इंजिन चालू ठेवून.
त्या दिवसाच्या नोंदीत एक ट्रक कमी आहे.

पुढं कसला तरी कागद आला, खाण बंद झाली.
क्रशर थांबला त्या दुपारी इतकं शांत झालं
की सगळ्यांना आपापली भाषा आठवली.
तासाभरात भांडण, हिशेबावरून.
यल्लाप्पा माझ्यावर काय ओरडत होता ते मला समजलं नाही.
तीन वर्षांत पहिल्यांदाच.

टेम्पो भरून निघाले सगळे.
फाळक्याच्या वर ती पोर, आईच्या खांद्यावरून
माझ्या मागं कुठंतरी बोट दाखवत होती.
मी वळून पाहिलं.
काही नव्हतं.
मी अजून थोडा वेळ पाहत राहिलो.