काड्यापेटीतले चार

सप्टेंबरात, बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून
दुल्गून वसतिगृहात आला तेव्हा सहा वर्षांचा होता
आणि खालचा एक दात हलत होता.
इथे सगळे याच वयात येतात.
दात हलला की शाळा,
असं कुणी ठरवलेलं नाही, पण होतं तसंच.
एकोणीस वर्षं या पोरांच्या गाद्या मोजतेय,
गोबीची वाळू झाडताना
दर हिवाळ्यात खाटांखाली दात सापडतात,
तांदळाच्या कणीएवढे.

त्याचा पहिला पडला मंगळवारी, उकडलेल्या बटाट्यात.
रडला नाही.
विचारलं फक्त, इथे कुत्रा आहे का?

आमच्याकडे पडलेला दात
मेंढीच्या शेपटीच्या चरबीत गुंडाळून कुत्र्याला घालतात,
नवे त्याच्यासारखे येऊ देत म्हणून.
आहे की, म्हटलं, स्वयंपाकघरामागे.
"तो नको. तो मला ओळखत नाही.
बासारलाच देणार."
बासार दोनशे किलोमीटरवर, कळपाशी.
मग मी एक काड्यापेटी रिकामी करून दिली.

नोव्हेंबरपर्यंत तिच्यात तीन झाले.
कूस बदलली की उशीखाली खुळखुळायचे.
एका रात्री शेगडीत गोवऱ्या सारत होते,
अंधारातून आवाज आला:
"पण पडतात का?"

मी काही डॉक्टर नाही.
फिरत्या दवाखान्यातल्या बाईने सांगितलेलं तेवढं सांगितलं.
तू आईच्या पोटात होतास ना,
तेव्हाच हे घडायला लागले, तेव्हाच्या तुझ्या मापाने.
आता जबडा वाढतोय. दात वाढत नाही,
एकदा झाला तेवढाच राहतो.
म्हणून खाली दुसरा तयार होतो,
आणि वर येता येता पहिल्याचं मूळ विरघळवत येतो,
चहात मीठ विरघळतं तसं.
"दुखत नाही?"
तुला दुखलं?
बराच वेळ त्याने विचार केला.
"कळलंच नाही," म्हणाला. "मला वाटलं,
दातालाच जायचं होतं."

माझी जीभ उजव्या दाढेच्या जागी गेली.
ती गेल्या वर्षी उपटली, मुळासकट,
चांगली दोन पायांची,
बघून मलाच धडकी भरली.
तिच्याखाली कुणी वाट बघत नव्हतं.
हे त्याला सांगितलं नाही.

चागान सारच्या सुट्टीत बाप न्यायला येणार,
त्याच्या आदल्या रात्री चौथा त्याने स्वतःच पिळून काढला,
घाईने,
बाकीच्यांबरोबर जावा म्हणून.

परतल्यावर विचारलं, बासारने खाल्ले?
"आधी माझ्यावर भुंकला. मग वास घेतला.
मग शेपूट.
तीन खाल्ले. चावले नाहीत, गिळलेच."
आणि चौथा?
"चरबी चाटली आणि थुंकला."
पेटी माझ्या हातात कोंबून तो खेळायला पळाला.

मार्चात धुळीचं वादळ उठलं.
मैदानातून पोरांना आत हाकत होते.
त्याच्या तोंडात नवे दोन आलेले,
तोंडाला जरा मोठेच,
कड करवतीसारखी, अजून न झिजलेली.
एका धाकट्या पोरीचा हात धरून तो ओरडला,
"चल ना, लवकर, घरी चल!"
आणि वसतिगृहाच्या दाराकडे धावला.

काय बोललो ते त्याला कळलं नाही.
मला कळलं.
खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या,
पोरं मोजली, एकतीस.

रात्री खण उघडून पेटी पाहिली.
चौथ्याला अजून थोडं मूळ आहे.