सांडलेलं

चक्कीवर जे सांडतं त्याचा हिशेब नसतो.
दळणामागं मूठभर, कधी त्याहून कमी:
पट्ट्याच्या हादऱ्यानं उडालेले गहू,
पोत्याच्या कानातून गळलेली ज्वारी,
चण्याच्या डाळीचा चुरा.
सासरे होते तोवर हे सगळं कोंबड्यांना जायचं.
आधी कोंबड्या गेल्या, मग सासरे.
खराटा राहिला माझ्याकडं.

पौषात पहाटे हात असे गारठतात
की मोटरचं बटण दाबायला अंगठा वळत नाही.
नेमक्या तेव्हा येतात चिमण्या,
अंग फुगवून दुप्पट झालेल्या,
आणि मी दारातच फेकते कालची झाडणी.
मग सातभाई येतात, भांडत.
सातच असावेत असं काही नाही, आमच्याकडं नऊ आहेत,
त्यातला लंगडा सगळ्यांच्या आधी खाऊन घेतो.
होला टिनावरून लवकर उतरत नाही.
माझे थोरले दीर असेच,
पंगतीत कोणी हात धरून नेईपर्यंत
मांडवाच्या खांबाशी उभे.

पाण्याला रांजणाचं फुटकं बूड ठेवलं.
भोवती बोराटीची काटी,
कारण बाजूच्या घरचा बोका
माझ्यापेक्षा लवकर उठतो.

उकंडराव शनिवारी येतात, आठ किलो ज्वारी घेऊन,
आणि काट्याला डोळा लावून बसतात.
"माह्या जवारीवर पाखरं जेवू घालून राहिली काय?"
मी म्हटलं, सांडली ती कोणाचीच नसते.
त्यांनी पावशेर पीठ उणं काढलं.
दिलं, माझ्या डब्यातलं.

त्यांचंही खोटं नाही.
शिवारात आता पऱ्हाटी आणि तूर.
कणसाला लोंबकळायची सवय असलेल्या चोचीनं
बोंडातून काय काढावं, सरकी?

आणि तो एक. काळा, पोटाला विटकरी,
शेपूट सारखी थरथरवणारा.
प्रांजूच्या सरांनी नाव सांगितलं, थिरथिऱ्या.
हिमालयाकडून येतो म्हणे दर हिवाळ्यात.
हिमालयाकडून, दारव्ह्याच्या फाट्यावरून आत,
माझ्या चक्कीवर!
मी त्याला गहू टाकले, कण्या टाकल्या,
मोकळा भात, संक्रांतीचे तीळसुद्धा.
ढुंकून पाहिलं नाही.
दारात येऊन पाव्हणा जेवत नाही
हे मला फार लागलं. कोणाला सांगू?
हसले असते.

मग डीपी जळाली. नऊ दिवस चक्की बंद.
पट्टा लोंबलेला, दगड थंड,
लोक दळण घेऊन मोठ्या गावाला.
झाडण्यासारखं काही नव्हतं म्हणून झाडलंच नाही.
मागच्या भिंतीशी ओल धरलेला कोंडा
कुजत राहिला, त्यात सोंडे झाले,
बारीक पाखरू उडायला लागलं.
तिथं उतरला तो.
थरथर, टीप. थरथर, टीप.
मी हात काखेत धरून उभी,
खराटा भिंतीला टेकलेला.
इतकी वर्षं घासून घासून
मी याचंच ताट उचलत होते की काय.

दहाव्या दिवशी लाईन आली.
दारापासून रस्त्यापर्यंत डबे.
उकंडरावांच्या बगलेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी:
पाच-सहा कणसं, दाण्यांनी भरलेली, थोडी काळी पडलेली.
"धुऱ्यावर आपसूक उगवली. घरी ठेवली तं उंदरं खातीन."
स्टूल मागितलं. स्वतः चढले, गुडघा धरून,
टिनाच्या बल्लीला सुतळीनं जुडी बांधली,
गाठ दोनदा ओढून पाहिली.
"हे वजनात धरू नको."
खाली उतरले,
आणि काट्याला डोळा लावून बसले.

संध्याकाळी मी सगळी चक्की झाडली.
मागची भिंत सोडून.