दोन घरचा पाहुणा

दवाखान्यातला कॉम्प्युटर काळा, जाडजूड,
दिवसभर धापा टाकणारा.
घरचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी,
त्याच्या एका बटणाखाली हळद गेलेली.
नऊ ते पाच मी त्याची,
रात्री याची.

माझं काम पायांचं.
कर्कॉडीतल्या म्हाताऱ्या पायांची नखं कापते, कुरुपं काढते,
टाचेच्या भेगेतून थंडी कुठवर आत शिरलीय ते बघते.
इकडे कुणी कुणाच्या पाया पडत नाही.
मीच रोज आठ-दहा जणांपुढे वाकते
आणि वर पैसेही घेते.

मेल आधी ज्याच्या हाती लागेल त्याची.
दवाखान्याने उचलली की घरी पत्ता नाही.
घरच्याने उचलली की दवाखाना कोरडाच.
इझोबेल रेनीबाईंनी कळवलं, मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी येते,
ते फक्त स्वयंपाकघराला कळलं.
दवाखाना मंगळवारी टॉवेल गरम करून
वाट बघत बसला.

शेवटी हेरंबने, माझ्या दिराने,
डंडीहून फोनवर दीड तास घालवला.
"वहिनी, सिंक करून टाकू.
खरी वही एकच, वर कुठेतरी.
खाली तुमच्या दोन्ही मशिनींत तिच्या नकला."
वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.
निळी पट्टी सरकत सरकत गेली, थांबली,
आणि मशीनच मला विचारू लागलं:
एकाच वेळेच्या दोन नोंदी आहेत.
ही ठेवू, ती ठेवू, की दोन्ही?

माझी पोळी तव्यावर होती.
म्हटलं, दोन्ही.

तर गुरुवार, साडेदहा.
एक खुर्ची आणि दारात दोघं.
इझोबेल, ब्याऐंशी, डाव्या अंगठ्याचं नख आत वळलेलं.
टॅम गेडिस, चौऱ्याऐंशी, मधुमेह, पायमोज्याला भोक.
माफ करा हं, मशीनचा घोळ, मी सुरुवात केली,
पण माझ्याकडे लक्ष होतं कुणाचं?

"तू लिनोलियमच्या कारखान्यात होतास. रंगखात्यात."
"आणि तू टाइम ऑफिसातली.
माझी पंधरा मिनिटं कापणारी."
"तू वीस मिनिटं उशिरा आला होतास, टॅम.
पाच मी सोडली."

मग जवसाच्या तेलाचा विषय निघाला.
गावभर वास असायचा म्हणे,
स्टेशन यायच्या आधी नाकाला कळायचं.
जवस म्हणजे मला चटणी ठाऊक.
मी नुसती ऐकत होते, हातात नखं कापायचा चिमटा,
पाणी निवत चाललेलं.

मिरजेचे आप्पामामा पंचांगाचं गणित पाटीवर करायचे.
म्हणायचे, सूर्याचं आणि चंद्राचं तरी कुठे जुळतं?
वर्षाकाठी अकरा दिवसांची तूट.
म्हणून कधी एखादी तिथी गळते,
कधी एकच तिथी दोन सकाळी मुक्काम ठोकते,
आणि तीन वर्षं होत आली की
अख्खा महिना आणून मध्ये ठेवावा लागतो.
त्या महिन्यात काय करायचं, मामा?
काही नाही. जावयाला अनारसे घालायचे.

रात्री हेरंबचा फोन.
"दुबार नोंदी दिसतायत. काढू का सगळ्या?"
मी जरा थांबले.
काढ, म्हटलं. धंदा आहे.

आता दोन्हीकडे एकच.
इथे पुसलं की तिथे पुसलं जातं,
तिथे लिहिलं की इथे टिंग वाजतं,
घरी हळद, दवाखान्यात स्पिरिट, मधे एकच आठवडा.
सहा आठवड्यांनी, गुरुवारी, स्वच्छ लिहिलेलं:
साडेदहा रेनी. सव्वाअकरा गेडिस.

टॅम साडेदहालाच आला.
नवे पायमोजे, बगलेत बिस्किटांचा पुडा.
"लवकर आलास," इझोबेल म्हणाली, घड्याळाकडे बघत,
जुन्या सवयीने.

मी केटल लावली.
दोन्ही कॉम्प्युटरांना
यातलं काही कळवलं नाही.