दिवड सोडवताना

आधी सूर्य समोर घ्यायचा.
आपली सावली त्याच्या डोक्यावर पडली की तो हिसके देतो
आणि तंगूस आणखी आत रुततं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
जाळ्यात मेलेल्या सतरा दिवडांनी शिकवलं.

मुचकुंदीला आमचा पऱ्या मिळतो तिथं
पाणी धड गोडं नाही, धड खारं नाही.
रात्री लावलेलं जाळं सुकतीला उचललं.
बोयर सहा, एक शिंगाळा, कांदळाचा पाला,
आणि हा.
पिवळट अंगावर काळ्या चौकटी,
डोळ्याखाली दोन तिरक्या रेघा,
शाळेतल्या पोरानं शाईचं पेन झटकावं तशा.
बोयरांच्या मागं आला असणार.
मीही त्यांच्याच मागं आले होते.

मला बघून त्यानं मान चपटी केली.
नागाचं सोंग. त्याच्यापाशी तेवढंच आहे.
घार फसते. बगळा जरा थबकतो.
माणूसही फसतो,
पण फसलेला माणूस मागं सरत नाही, दांडका शोधतो.

मीही शोधला होता.
लग्नाचं पहिलं वर्ष, विहिरीची तिसरी पायरी.
सासूबाईंनी शाबासकी दिली, वाडी जमली.
संध्याकाळी डोर्लेकर मास्तरांनी काठीनं उलटा करून बघितला.
म्हणाले, "दिवड. बिनविषारी."
एवढंच. ओरडले नाहीत.
ओरडले असते तर विसरले असते.

आता कात्री.
शेपूट धरून ओढायचं नाही.
खवले मागं कललेले असतात,
सूत शेपटीकडं सरकतं, डोक्याकडं अडतं.
म्हणून त्याला पुढंच जाऊ द्यायचं,
आपण फक्त एकेक गाठ त्याच्या मागं टाकत राहायची.
तीन गाठी झाल्या. चौथी कातडीत बसलीय.

"अगो प्रमदे, टाक मेल्याला!"
कालवं फोडता फोडता सकीना ओरडते.
"अवसेला विष चढतं त्याला!"
"आज पंचमी आहे," मी म्हणते.
ती हसते. पण जवळ येत नाही.

माघात हिची मादी
(हिची म्हणते, कारण आता नीट बघितल्यावर पोट जड वाटतंय)
भाताच्या बांधातलं जुनं बीळ धरते,
अंड्यांना वेढा घालून पडून राहते.
दोन महिने, उपाशीच बहुतेक.
खालचा बांध गेल्या वर्षी जेसीबीनं सपाट केला,
कोळंबीच्या तळ्यासाठी.
तळं काही झालं नाही. बांधही राहिला नाही.
वरचा बांध आमचा, म्हणजे निम्मा दिराचा.
त्याला सांगितलंय, यंदा माघात तिथं कुदळ नको.
कारण विचारलं त्यानं.
म्हटलं, देवाचं आहे.
काय करणार, खरं सांगितलं तर ऐकत नाहीत.

चौथी गाठ तुटली, आणि ती चावली.
अंगठ्याच्या बुडाशी, नीट जोर लावून,
उपकार-बिपकार तिच्या गावी नाहीत.
बारीक ठिपक्यांची ओळ, रक्त पातळ,
साबणानं धुतलं की झालं.
शिंगाळ्याच्या काट्यानं हात तीन दिवस सुजला होता,
त्याला कुणी साप म्हणत नाही.

थोडा वेळ ती नुसती पडून राहिली
चिखलात, सुटल्याचं न कळून.
मग एकदम कळलं.
पाण्यावर डोकं तेवढं वर,
चिपीच्या मुळांत शिरली, आणि पाणी पुन्हा पाण्यासारखं.

जाळ्याला वीतभर भोक.
घरी विचारतील.
कुर्लीनं तोडलं म्हणेन.
कुर्लीवर कुणाचा विश्वास बसतो,
आणि तिचं काय, ती तशीही कालवणातच जायची.